गाठीतली जनुके आणि आजाराचा अंदाज : तपासणी कोणती, केव्हा, कशासाठी

कर्करोगाच्या पेशीत आणि तिच्या शेजारच्या निरोगी पेशीत जनुकांचा संच बव्हंशी एकच असतो. माणसाच्या पेशीत प्रथिने घडवणारी सुमारे २० हजार जनुके असतात; यकृताची पेशी त्यातली काही वापरते, गालाच्या आतल्या अस्तराची पेशी दुसरीच काही. वापरात आलेल्या जनुकाची आरएनए नावाची प्रत निघते आणि त्या प्रतीवरून प्रथिन तयार होते. या व्यवहाराला जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. ती किती होते आहे हे आरएनए मोजून कळते, तसेच प्रथिनाला रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखालीही दिसते. गाठीत हे प्रमाण बिघडलेले असते. पेशीला विभागायला लावणारी जनुके जोरात चाललेली असतात, आवर घालणारी मंदावलेली किंवा बंद पडलेली असतात. गाठ किती वेगाने वाढेल, आसपासच्या मांसात शिरेल का, दूरच्या अवयवात जाईल का, कोणत्या औषधाने दबेल, याचा थोडाफार अंदाज या बिघाडावरून बांधता येतो. कोणत्या कर्करोगात तो किती भरवशाचा आहे, हे रुग्णाच्या घरच्यांनी नीट समजून घ्यायला हवे.

नागपूर आणि विदर्भापुरता हा प्रश्न मुख्यतः दोन आजारांभोवती फिरतो. नागपूरच्या कर्करोग नोंदणीत पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग आघाडीवर आहे, स्त्रियांमध्ये स्तनाचा. या दोहोंत जनुकांच्या तपासणीचे मोल अगदी वेगळे आहे. स्तनाच्या कर्करोगात अभिव्यक्ती पाहिल्याशिवाय उपचार ठरतच नाहीत. तोंडाच्या कर्करोगात मात्र गाठ किती मिलिमीटर खोल गेली आणि मानेतल्या गाठींत आजार उतरला का, या जुन्या प्रश्नांची उत्तरे आजही कोणत्याही जनुक-गुणांकापेक्षा जास्त सांगतात. म्हणून महागडी तपासणी सुचवली गेली की आधी एक विचारावे: उत्तर काहीही आले तरी उपचार तोच राहणार आहे का? राहणार असेल तर ती तपासणी कुतूहलापुरती उरते, आणि कुतूहलासाठी शेत गहाण टाकू नये.

जनुकांची तपासणी म्हटले की तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. पहिली तपासणी रक्तातून होते आणि जन्मतः मिळालेला दोष शोधते; बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही त्यातली सर्वांत परिचित जनुके. तिचे उत्तर रुग्णाच्या बहिणी, मुली आणि भावांच्याही कामाचे असते. दुसरी तपासणी गाठीच्या तुकड्यावर होते आणि त्या गाठीतच घडलेले उत्परिवर्तन, म्हणजे जनुकाच्या मजकुरातला बदल, शोधते. तो बदल पुढच्या पिढीत जात नाही. तिसरी अभिव्यक्तीची: तीही गाठीच्या तुकड्यावरच होते, पण मजकूर न वाचता कोणते जनुक किती जोरात चालले आहे ते मोजते. पावतीवर नुसते 'जीन टेस्ट' लिहिलेले असेल तर तिघांपैकी नेमकी कोणती, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्यावे. घरात मुलीचे लग्न ठरत असताना वडिलांच्या गालाच्या गाठीवर झालेल्या 'जीन टेस्ट'च्या नावाने सोयरे बिचकतात, असे होते. त्या तपासणीचा मुलीच्या जनुकांशी काही संबंध नसतो.

सुपारीपासून गाठीपर्यंत

सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा विदर्भात तासन्‌तास गालात धरला जातो. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. खर्रा पानठेल्यावर हातानेच घोटला जात असल्याने तो टिकून राहिला. गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ' ही मोहीम दारू आणि तंबाखूविरुद्ध काम करते, तिच्यासमोरही खर्रा हे मोठे संकट आहे. यात तंबाखू वाईट आणि सुपारी निरुपद्रवी असा एक समज आहे, तो चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये नुसत्या सुपारीलाही माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले.

सुपारीतल्या अरेकोलिनमुळे गालाच्या अस्तराखालच्या पेशींचे वागणे बदलते. टीजीएफ-बीटा या संदेशवाहक प्रथिनाची अभिव्यक्ती वाढते, कोलॅजेनची जनुके जोमाने चालू लागतात आणि कोलॅजेनचे धागे एकमेकांत घट्ट बांधणारे लायसिल ऑक्सिडेज हे विकरही वाढते. जुने कोलॅजेन मोडून काढण्याचे काम त्याच वेळी मंदावते. गाल आतून पांढुरका आणि दोरीसारखा ताठ होतो, तोंडात तीन बोटे मावेनाशी होतात. सावजीचा रस्सा दूरच राहिला, फोडणीचे वरणही झोंबते. या अवस्थेला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. हा अजून कर्करोग नव्हे. एर्नाकुलममध्ये १७ वर्षे पाठपुरावा केलेल्या अशा रुग्णांपैकी ७.६ टक्क्यांना पुढे कर्करोग झाला, असे १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. म्हणजे बहुतेकांना तो झाला नाही. पण तोंड कमी उघडणाऱ्या माणसाने सहा महिन्यांनी एकदा दंतवैद्याकडून गाल, जीभ आणि हिरड्या तपासून घ्याव्यात एवढा हा आकडा नक्कीच मोठा आहे. नागपुरात ही तपासणी शासकीय दंत महाविद्यालयात होते.

पुढची पायरी पेशीच्या आवर घालणाऱ्या यंत्रणेची. टीपी५३ हे जनुक बिघडले की खराब झालेली पेशी मरत नाही, विभागत राहते. सायक्लिन डी-१ हे प्रथिन पेशीला विभागणीच्या उंबरठ्यावरून पुढे ढकलते, आणि गालाच्या कर्करोगात त्याचे जनुक अनेकदा दुप्पट-चौपट प्रतींत सापडते. गाल आणि हिरडी यांच्या सांध्यातल्या या भारतीय कर्करोगाचा जनुकीय नकाशा नवी मुंबईत खारघरला असलेले टाटा स्मारकाचे अ‍ॅक्ट्रेक आणि पश्चिम बंगालमधली कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था यांनी मिळून काढला; तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. टीपी५३, कॅस्पेज-८, नॉच-१ अशी परिचित जनुके त्यात होतीच, शिवाय या जागेच्या कर्करोगात वारंवार बिघडणारी पाच नवी जनुकेही सापडली. पाश्चात्त्य देशांतल्या घशाच्या कर्करोगावरून काढलेले निष्कर्ष खर्ऱ्याच्या कर्करोगाला जसेच्या तसे का लावू नयेत, हे या कामाने दाखवून दिले.

गाठ शेजारच्या मांसात शिरू लागते तेव्हा आणखी काही जनुकांची चाल बदलते. अस्तराच्या पेशींना एकमेकींशी जखडून ठेवणारे ई-कॅडहेरिन कमी होते. भोवतालचे जाळे कापणारी एमएमपी विकरे वाढतात. ऑक्सिजन पुरेनासा झाला की नव्या रक्तवाहिन्या बोलावणारे व्हीईजीएफ वाढते. पीडी-एल१ हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर आले की चालून आलेल्या रोगप्रतिकारक टी-पेशी थंडावतात. ही बदललेली चाल गाठीभर सारखी नसते, आणि मोजमापातली खरी अडचण इथेच आहे. अख्खा तुकडा दळून आरएनए मोजणे म्हणजे तर्री-पोहे मिक्सरमधून काढून चव पाहण्यासारखे आहे: तिखट किती ते कळेल, पण ते पोह्यात होते की तर्रीत ते कळणार नाही. म्हणून २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने डोके आणि मान भागातल्या कर्करोगाच्या १८ रुग्णांच्या गाठींतल्या सुमारे ६ हजार पेशी एकेक करून तपासल्या. आक्रमक गुण दाखवणाऱ्या पेशी गाठीच्या कडेला, आधारपेशींना लागून आढळल्या, आणि त्या पेशी असलेल्या गाठी मानेत उतरण्याकडे झुकत होत्या. याचा व्यवहारातला अर्थ साधा आहे: तुकडा गाठीच्या मधल्या सडलेल्या भागातून घेतला की सांगण्यासारखे फार थोडे हाती लागते. तुकडा घेतल्याने कर्करोग पसरतो हा विदर्भात सगळीकडे ऐकू येणारा समज मात्र निराधार आहे. त्या भीतीने घालवलेले तीन महिने गाठीलाच मिळतात.

स्तनाचा कर्करोग: इथे अभिव्यक्तीच उपचार ठरवते

स्तनाच्या गाठीचा रिपोर्ट हातात आला की त्यात ईआर, पीआर, हर-२ आणि बहुधा केआय-६७ अशी चार नावे असतात. ही चारही जनुक-अभिव्यक्तीचीच मोजमापे आहेत, प्रथिनाला रंग देऊन केलेली. या पद्धतीला आयएचसी म्हणतात. ती महाग नाही, नागपुरात सर्रास होते, आणि तिच्यावाचून केमो सुरू करण्याची घाई करू नये.

ईआर आणि पीआर हे इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे ग्राहक. एक टक्का पेशींतही ईआर रंगला तरी गाठ संप्रेरक-सकारात्मक धरली जाते. एक ते दहा टक्के असेल तर ती 'अल्प सकारात्मक' म्हणून वेगळी नोंदवली जाते आणि तिथे डॉक्टरांशी सविस्तर बोलणे गरजेचे असते. अनेक रिपोर्टांत टक्क्यांऐवजी आठपैकी गुण असतात. रंगलेल्या पेशींच्या प्रमाणाला ० ते ५ आणि रंगाच्या गडदपणाला ० ते ३ असे मिळून ते होतात. आठपैकी सात-आठ गुण म्हणजे गाठ संप्रेरकांवर पोसली जात आहे, आणि पाच ते दहा वर्षे रोज घ्यायची गोळी हा त्या उपचाराचा कणा आहे. ही गोळी स्वस्त असते, म्हणून ती बिनमहत्त्वाची समजून मध्येच सोडणाऱ्या स्त्रिया थोड्या नाहीत. प्रत्यक्षात अशा गाठीत तिचा फायदा पुष्कळदा केमोहून मोठा असतो.

हर-२ची कथा प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. या जनुकाच्या प्रती वाढलेल्या स्त्रियांचा आजार लवकर उलटतो, असे १९८७ मध्ये अमेरिकेत दिसून आले. त्या काळी हर-२ सकारात्मक ही वाईट बातमी होती. १९९८ मध्ये त्याच प्रथिनाला बांधणारे ट्रास्टुझुमॅब आले आणि त्या बातमीचा अर्थ बदलला. म्हणजे काही खुणा आजाराचा अंदाज सांगतात, काही औषध सुचवतात, आणि दोन्ही गोष्टी एकाच खुणेत असू शकतात. रिपोर्टमध्ये 'वाईट' लिहिलेले वाचून खचण्याआधी ती खूण औषधाचे दार उघडते का, हे विचारावे. हर-२ चे गुण ०, १+, २+ आणि ३+ असे असतात. ३+ म्हणजे सकारात्मक. २+ म्हणजे निकाल अधांतरी. तिथे फिश नावाची दुसरी तपासणी करूनच निर्णय घ्यावा लागतो. पैशांअभावी ही दुसरी तपासणी टाळली जाते आणि २+ ला सरसकट नकारात्मक मानून उपचार सुरू होतात, हे होऊ देऊ नये. खर्च करायचाच असेल तर तो इथे करावा. पुढे आजार दूरवर पसरलाच, तर १+ आणि फिश-नकारात्मक २+ यांनाही 'हर-२ अल्प' म्हणून एक नवे औषध लागू पडते, हे २०२२ मध्ये सिद्ध झाले. त्यामुळे जुना रिपोर्ट जपून ठेवावा.

केआय-६७ किती पेशी विभागणीच्या वाटेवर आहेत ते सांगते. पाच टक्क्यांच्या आत किंवा तिसाच्या वर असेल तर त्यावर विसंबता येते. मधले आकडे मोजणाऱ्यागणिक बदलतात. एका प्रयोगशाळेत १८ आणि दुसरीत २४ आले म्हणून कोणी फसवले असे नसते, आणि तेवढ्या फरकावर केमोचा निर्णय टांगू नये.

स्तनाचे कर्करोग मुळात एकाच जातीचे नाहीत, हे अभिव्यक्तीच्या नकाशांनीच २००० साली स्टॅनफर्डच्या गटाने दाखवले. त्यातून पुढे बहुजनुक तपासण्या निघाल्या. ऑन्कोटाइप डीएक्स २१ जनुके मोजते, त्यातली पाच केवळ तुलनेसाठी, आणि ० ते १०० गुण देते. मॅमाप्रिंट ७० जनुकांवर चालते. त्यांचा उपयोग एका ठरावीक प्रश्नापुरता आहे: ईआर सकारात्मक, हर-२ नकारात्मक, लवकर सापडलेल्या गाठीत शस्त्रक्रियेनंतर गोळीबरोबर केमो हवी का? टेलरएक्स या मोठ्या चाचणीत १० हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. काखेत आजार नसलेल्या आणि ११ ते २५ गुण आलेल्या स्त्रियांत केमो न घेतलेल्यांचे नऊ वर्षांनंतरचे निकाल केमो घेतलेल्यांच्या तोडीचे निघाले, ८३.३ आणि ८४.३ टक्के. हे २०१८ मध्ये जाहीर झाले आणि जगभर लाखो स्त्रियांचे केस आणि महिने वाचले. पण पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत १६ ते २५ गुणांवर केमोचा थोडा फायदा दिसला. काखेत एक ते तीन गाठी असताना पाळी गेलेल्या स्त्रियांना २५ पर्यंत केमोचा फायदा नाही, पाळी चालू असलेल्यांना आहे, असे २०२१ मध्ये दुसऱ्या चाचणीत आढळले. भारतात हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा लहान वयात गाठतो, त्यामुळे 'कमी गुण म्हणजे केमो नाही' हा परदेशी नियम नागपूरच्या ४२ वर्षांच्या रुग्णाला डोळे मिटून लावता येत नाही.

ऑन्कोटाइपचा नमुना अमेरिकेत जातो आणि खर्च लाखांच्या घरात जातो. बंगळुरूच्या ऑन्कोस्टेमने कॅनअसिस्ट ब्रेस्ट ही स्वस्त पर्यायी तपासणी काढली. ती आरएनए न मोजता पाच प्रथिने रंगवते आणि गाठीचा आकार, दर्जा व काखेची स्थिती यांच्याशी जोडून जोखीम कमी की जास्त ते सांगते. भारतीय रुग्णांच्या नमुन्यांवर ती पारखली गेली आहे, ही जमेची बाजू. टेलरएक्ससारखी, हजारो स्त्रियांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागणारी चाचणी तिच्यामागे नाही, ही उणी बाजू. काखेत चार किंवा त्याहून जास्त गाठी असतील, गाठ हर-२ सकारात्मक असेल किंवा तिन्ही खुणा नकारात्मक असतील, तर यांपैकी कोणत्याच तपासणीवर पैसे घालू नयेत. तिथे केमोची गरज आधीच स्पष्ट असते.

तोंडाचा कर्करोग: आधी मिलिमीटर, मग जनुके

गालाच्या किंवा जिभेच्या शस्त्रक्रियेनंतर येणाऱ्या रिपोर्टमध्ये पाच गोष्टी शोधाव्यात. गाठ किती खोल गेली. कापलेल्या कडा गाठीपासून किती अंतरावर निर्मळ आहेत, पाच मिलिमीटर असल्यास उत्तम. नसेच्या कडेने पेशी सरकल्या आहेत का. मानेतल्या किती गाठींपैकी कितींत आजार आहे. आणि त्या गाठीचे कवच फोडून तो बाहेर आला आहे का. खोली आणि कवचाबाहेरचा प्रसार यांना २०१८ पासून वापरात आलेल्या आठव्या टीएनएम वर्गवारीत अधिकृत स्थान मिळाले: दोन सेंटिमीटरची गाठही पाच मिलिमीटरपेक्षा खोल असेल तर पहिल्या पायरीवरून दुसरीवर जाते. मान लगेच साफ करावी की आजार दिसल्यावर, या जुन्या वादावर मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने २०१५ मध्ये उत्तर दिले. लवकरच्या तोंडाच्या कर्करोगात गाठीबरोबरच मान साफ केलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते, वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. साडेबारा टक्क्यांचा हा फरक एकही जनुक न मोजता, सर्जनच्या हाताने मिळाला. तोंडाच्या कर्करोगाला लागू पडेल असा आणि एवढा फरक पाडणारा जनुक-गुणांक आजतागायत रुग्णालयांच्या नित्याच्या वापरात आलेला नाही.

कडा सकारात्मक असतील किंवा कवच फुटले असेल तर रेडिएशनबरोबर केमो द्यावी, हे २००४ मधल्या दोन मोठ्या चाचण्यांनी ठरवले. आणि ते रेडिएशन शस्त्रक्रियेपासून साधारण सहा आठवड्यांत सुरू व्हायला हवे. इथेच जनुकांच्या तपासणीचा एक छुपा धोका आहे. शेकडो जनुकांचा रिपोर्ट येईपर्यंत थांबू या, असे म्हणत तीन-चार आठवडे गेले तर जे जाते ते नंतर कोणत्याही रिपोर्टने परत येत नाही.

मग तोंडाच्या कर्करोगात अभिव्यक्ती निरुपयोगी का? तसे नाही. आजार उलटला असेल किंवा दूर पसरला असेल आणि इम्युनोथेरपीचा विचार चालू असेल, तर पीडी-एल१ चे गुण कामाचे असतात. गुण जितके जास्त तितका पेम्ब्रोलिझुमॅबचा उपयोग होण्याची शक्यता जास्त. पूर्ण मात्रेची इम्युनोथेरपी बहुतेकांना परवडत नाही. टाटा स्मारकाने नेहमीच्या मात्रेच्या अगदी थोड्या भागाएवढे, तीन आठवड्यांतून एकदा २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब घरी घ्यायच्या गोळ्यांना जोडून पाहिले. १५१ रुग्णांच्या त्या चाचणीत एक वर्षानंतर हयात असणारे १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले. नागपुरात असा रुग्ण असेल तर या अल्पमात्रा पद्धतीबद्दल डॉक्टरांना नाव घेऊन विचारावे. ईजीएफआर हे प्रथिन या भागातल्या बहुतेक कर्करोगांत वाढलेले असते, त्यामुळे ते आहे की नाही हे तपासून औषधाची निवड करण्यात फारसा अर्थ नाही. पी१६ हे घशाच्या, टॉन्सिलच्या कर्करोगात एचपीव्ही विषाणूची आणि चांगल्या भवितव्याची खूण असते. गालाच्या कर्करोगात ते सकारात्मक आले म्हणून धीर देऊ नये, उपचार सौम्य तर मुळीच करू नयेत.

या दोन आजारांपलीकडे, रक्ताच्या कर्करोगात एक जागा अशी आहे जिथे अभिव्यक्ती वर्षानुवर्षे रोगाचा मागोवा घेते. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात बीसीआर-एबीएल या जोडलेल्या जनुकाचा आरएनए रक्तातून दर तीन महिन्यांनी मोजतात. तो आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर ०.१ टक्क्याखाली टिकला तर या आजारावरची गोळी चांगली लागू पडली आहे. प्रत्येक वेळी एकाच प्रयोगशाळेत मोजणी करणे इथे हिताचे, नाहीतर आकड्यांची तुलना फसते.

आकर्षक गुणांकांबद्दल थोडे सावध

'या जनुकांवरून आयुष्य सांगतो' असे शोधनिबंध दर महिन्याला निघतात. त्यातले बहुतेक पुढे कोठेच जात नाहीत. बेल्जियमच्या संशोधकांनी २०११ मध्ये एक मजेदार आणि बोचरा प्रयोग केला. जेवणानंतर हसण्याने बदलणारी जनुके, उंदरांमधल्या भांडणात हरलेल्या उंदराची जनुके, किंवा चक्क चिठ्ठ्या टाकून निवडलेली जनुके घेतली, तरी स्तनाच्या कर्करोगाच्या भवितव्याशी त्यांचा संबंध सांख्यिकीच्या कसोटीवर उतरत होता. कारण गाठीत विभागणीचा वेग हजारो जनुकांना सोबत ओढतो. कोणतीही मूठभर उचलली तरी तो वेगच मोजला जातो. त्याआधी अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातून गाठीच्या अभिव्यक्तीवरून औषध निवडण्याची पद्धत गाजली होती, रुग्णांवर चाचण्याही सुरू झाल्या होत्या. आकडे दुसऱ्यांनी तपासल्यावर ती कोसळली, चाचण्या बंद झाल्या आणि निबंध मागे घेतले गेले. म्हणून कोणत्याही नव्या तपासणीबाबत दोन गोष्टी विचाराव्यात. ती दुसऱ्या रुग्णालयातल्या, दुसऱ्या रुग्णांवर पारखली गेली आहे का? आणि तिच्या निकालावरून उपचार बदलल्याने रुग्णांचे भले झाल्याचे दिसले आहे का? रुग्णालयात फिरणाऱ्या कंपनीच्या माहितीपत्रकात पहिल्याचे उत्तर बहुधा असते, दुसऱ्याचे क्वचित. शिवाय कोणताही गुणांक गटाचे सांगतो. दहा वर्षांत दहा टक्के जोखीम म्हणजे शंभर स्त्रियांपैकी सुमारे दहाजणींचा आजार उलटेल; समोरची स्त्री त्या दहांत की नव्वदांत, हे त्यात लिहिलेले नसते.

तुकडा नीट पोहोचला तरच

सर्वांत महाग तपासणीही खराब तुकड्यावर वाया जाते. शस्त्रक्रियेत काढलेला भाग तासाभरात दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये, त्याच्या आकारमानाच्या दहापट द्रवात, रुंद तोंडाच्या बरणीत जायला हवा. स्तनाच्या तुकड्याला सहा ते बहात्तर तास फॉर्मॅलिन मिळावे. कमी किंवा जास्त झाले की ईआर आणि हर-२ खोटे नकारात्मक येऊ शकतात. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा किंवा पलीकडच्या बालाघाट-छिंदवाड्याच्या छोट्या दवाखान्यातून तुकडा नागपूरला पाठवताना सलाइनमध्ये टाकून देण्याची चूक होते, आणि मे महिन्याच्या उन्हात एसटीच्या प्रवासात तो कुजायला लागतो. नातेवाइकांनी बाटलीत फॉर्मॅलिन आहे ना, झाकण घट्ट आहे ना, बाटलीवर आणि अर्जावर नाव एकच आहे ना, एवढे तपासावे.

प्रयोगशाळेत तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवला जातो. त्यालाच ब्लॉक म्हणतात. पुढच्या सगळ्या तपासण्या त्याच ब्लॉकमधून होतात. दुसरे मत घ्यायचे असेल तर केवळ कागद न नेता ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्याव्यात, आणि दिल्या-घेतल्याची पावती ठेवावी. ब्लॉकचे पॅराफिन साठ अंशांच्या आसपास वितळते. नागपूरच्या उन्हाळ्यात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तेवढे तापमान सहज होते, तेव्हा ब्लॉक गाडीत विसरू नये.

नागपुरात मेडिकल, मेयो, मिहानमधले एम्स, तुकडोजी चौकातले राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था, तसेच वर्ध्याजवळ सेवाग्राम आणि सावंगी, अशी मोठी केंद्रे हाताशी आहेत. कोणत्याही केंद्रात उपचार ठरवण्याआधी सर्जन, रेडिएशनतज्ज्ञ, केमोतज्ज्ञ आणि पॅथॉलॉजिस्ट यांच्या एकत्र बैठकीत, म्हणजे ट्यूमर बोर्डात, प्रकरण मांडले गेले का, हे विचारण्याचा रुग्णाला हक्क आहे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेखाली उपचार चालू असेल तर तपासणीआधीच आरोग्यमित्राला भेटून ती योजनेत बसते की खिशातून भरावी लागेल, हे लेखी विचारून घ्यावे. खिशातून भरावी लागणार असेल तर वर सांगितलेला प्रश्न पुन्हा विचारावा: तिच्या उत्तराने उपचार बदलेल का?

आजार दोन-चार वर्षांनी उलटला तर जुन्या रिपोर्टवर नवे औषध ठरवणे बरोबर नाही. गाठीतली अभिव्यक्ती उपचारांच्या दाबाखाली बदलते. ईआर सकारात्मक असलेली गाठ यकृतात किंवा हाडात उगवताना नकारात्मक होऊ शकते, हर-२ ही इकडचा तिकडे होतो. शक्य असेल तिथे नव्या जागेचा तुकडा घेऊन ईआर, पीआर आणि हर-२ पुन्हा पाहावेत. हाडाचा तुकडा असेल तर तो विरघळवण्यासाठी तीव्र आम्ल वापरू नये, असे अर्जावर लिहायला डॉक्टरांना सांगावे. आम्लाने प्रथिने आणि आरएनए दोन्ही नासतात, आणि तपासणी नकारात्मक आली तरी तिच्यावर विसंबता येत नाही.